'रन' कुठे कुठे धावते

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात 'रन' हे क्रियापद येते तेव्हा सोबत धावणाऱ्या मुलाचे किंवा कुत्र्याचे चित्र असते, आणि 'रन म्हणजे धावणे' एवढे पाठ झाले की पान उलटते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या कोशात मात्र याच क्रियापदाचे 645 अर्थ आणि उपयोग नोंदलेले आहेत. कोशाची सुधारित आवृत्ती तयार होत असताना पीटर गिलिव्हर हे संपादक या एका नोंदीवर सुमारे नऊ महिने काम करत होते. 2011 मध्ये त्या कामाचे आकडे जाहीर झाले, तेव्हा अर्थांच्या संख्येत 'रन'ने 'सेट' या क्रियापदाला मागे टाकल्याचे दिसले. त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे 430 अर्थ होते आणि ते सांगायला साठ हजार शब्द खर्ची पडले होते. एखाद्या बेताच्या कादंबरीएवढा हा मजकूर.

या आकड्याने दचकण्याचे कारण नाही. अर्थ किती, हे कोशकार किती बारीक चिरतो यावर ठरते. घोडा धावतो आणि माणूस धावतो हे एकच की दोन? नळाचे पाणी वाहते आणि रंगाचा ओघळ येतो हे वेगळे मोजायचे का? मोठा कोश इतिहासही सांगत असतो, म्हणून त्यात आज वापरातून गेलेले अर्थही जागा धरून असतात. शिवाय 'रन'ला 'आउट', 'अप', 'ओव्हर' असे शब्द जोडून झालेली रूपेही याच हिशोबात येतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला आपण शेकडो अर्थ वापरतो याची जाणीवही नसते. मराठी माणसाला 'लागणे' या क्रियापदाचा असाच अनुभव आहे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नंबर लागतो, झाडाला आंबे लागतात, प्रवासात गाडी लागते, लग्नाला पैसे लागतात, पुढच्या वळणावर देऊळ लागते आणि थोरल्याला नोकरी लागते. ही यादी कोणत्याही शाळेने पाठ करून घेतलेली नसते. मराठी शिकणाऱ्या परक्याला मात्र ती तोंडाला फेस आणते.

सर्वाधिक वापरात असलेल्या शब्दांनाच सर्वाधिक अर्थ फुटतात, ही गोष्ट हार्वर्डमधील भाषाभ्यासक जॉर्ज किंग्झली झिफ यांनी 1945 मध्ये सूत्ररूपाने मांडली. शब्दाचा वापर चौपट असला तर त्याचे अर्थ साधारण दुप्पट असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'रन', 'सेट', 'गो', 'टेक', 'गेट', 'पुट' ही सारी आखूड, घरगुती आणि जुनी क्रियापदे आहेत. लॅटिन व फ्रेंचमधून आलेले भारदस्त शब्द आपापल्या ठरलेल्या अर्थाला चिकटून राहिले. पडेल ते काम या लहान शब्दांच्या वाट्याला आले.

'रन'च्या बाबतीत या विस्ताराचे बीज त्याच्या जन्मातच आहे, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळी पण सख्खी क्रियापदे होती. एकाचा अर्थ स्वतः धावणे किंवा वाहणे, दुसऱ्याचा अर्थ धावायला लावणे, घोडा दौडवणे. मराठीत पळणे-पळवणे, चालणे-चालवणे अशा जोड्या आहेत, तशीच ही जोडी होती. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतही त्यांची भावंडे होती, तीही इंग्लंडमध्ये येऊन मिसळली. पुढे शब्दांचे शेवट झिजले, उच्चार एकमेकांत विरघळले आणि सगळ्यांच्या जागी 'रन' हे एकच रूप उरले. जर्मन भाषेने मात्र जोडी टिकवली. तिथे 'रिनेन' म्हणजे पाणी ओघळणे आणि 'रेनेन' म्हणजे धावणे.

या एकत्र येण्याचे परिणाम दूरवर गेले. पाणी 'रन' होते हा कवीने केलेला अलंकार नाही. वाहणे हा या शब्दाचा आरंभापासूनचा अर्थ आहे. नदी, नाक, डोळे आणि वितळलेले मेण या सर्वांसाठी इंग्रजी हेच क्रियापद वापरते, ते त्यामुळे. कच्च्या रंगाचे कापड धुताना रंग 'रन' होतो, मराठीत तो 'जातो'. दुसरे असे की 'रन' अकर्मकही राहिले आणि सकर्मकही झाले. यंत्र 'रन' होते आणि कामगार यंत्र 'रन' करतो. दुकान 'रन' होते आणि मालक दुकान 'रन' करतो. मराठीला इथे 'चालणे' आणि 'चालवणे' अशी दोन रूपे लागतात, इंग्रजीचे एकात भागते.

मूळ कल्पना एकच : न थांबता पुढे सरकणे. ती एकदा हाती आली की पुष्कळसे अर्थ आपोआप रांगेत बसतात. रस्ता समुद्राकाठाने 'रन' होतो, कारण त्याच्यावरून नजर पुढे पुढे सरकत जाते. भाडेकरार तीन वर्षे 'रन' होतो. एखादा आजार किंवा गाता गळा घराण्यात 'रन' होतो, म्हणजे पिढ्यांमधून उतरत येतो. लंडनच्या रंगभूमीवर नाटक 'रन' होते याचा अर्थ ते एका थिएटरात सलग चालू राहते. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' 1952 च्या नोव्हेंबरपासून लंडनमध्ये सलग चालू आहे, मध्ये थिएटर बदलले तरी. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीने त्यात खंड पडला तेवढाच. मराठी नाटक शिवाजी मंदिरहून बालगंधर्वला, तिथून कोल्हापूर-नागपूरच्या दौऱ्यावर जाते, म्हणून इथे हिशोब सलग दिवसांचा नसतो, प्रयोगांचा असतो. शंभरावा प्रयोग, हजारावा प्रयोग. 'रन' या नामाला मराठी नाट्यव्यवहारात प्रतिशब्द घडला नाही, कारण ती पद्धतच वेगळी.

अर्थांची सर्वांत मोठी लाट औद्योगिक क्रांतीबरोबर आली. जनावरे आणि माणसे सोडून इतक्या वस्तू हलू लागण्याचा काळ जगाने आधी पाहिला नव्हता. गिरण्यांचे माग, वाफेची इंजिने, आगगाड्या, छापखाने, घड्याळे या सर्वांच्या हालचालीला शब्द हवा होता आणि तो हाताशी तयार होता. आगगाडी वेळेवर 'रन' होऊ लागली, वर्तमानपत्र बातमी 'रन' करू लागले, कारखाना 'रन' करणारा व्यवस्थापक जन्माला आला. व्यवसाय, शाळा, सरकार किंवा घर सांभाळणे हा आज अतिशय रुळलेला अर्थ याच वाटेवरचा आहे. पुढे संगणक आला आणि प्रोग्रामही 'रन' होऊ लागले. नवे यंत्र आले की त्यासाठी नवे क्रियापद घडवायचे नाही, जुन्यालाच कामाला लावायचे, ही इंग्रजीची रीत आहे आणि तिच्या लवचीकपणाचे श्रेय तिला द्यायला हवे.

राजकारणातला उपयोग अमेरिकेने वाढवला. तिथला उमेदवार अध्यक्षपदासाठी 'रन' करतो, म्हणजे शर्यतीत उतरतो. ब्रिटनमधला उमेदवार निवडणुकीला 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीतही उमेदवार उभाच राहतो, किंवा निवडणूक लढवतो. ठेवीदार घाबरून एकाच वेळी पैसे काढायला बँकेवर लोटतात, त्यालाही इंग्रजीत 'रन' म्हणतात. 2007 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर लागलेल्या रांगांच्या बातम्यांत हा शब्द जगभर गेला.

आता जोडशब्दांकडे. शिकणाऱ्याची खरी फजिती इथे होते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 मधल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे की क्रियापदापुढे लहानसा शब्द लावून अर्थ पालटण्याची ही पद्धत परकीयांना सर्वाधिक अवघड जाते. अर्थ फार सैल असल्यामुळे कोशकाराला पकडीत घेता येत नाहीत अशा क्रियापदांची यादीही त्यांनी तिथे दिली आहे, आणि तिच्यात 'रन' आहेच. 'रन आउट' म्हणजे संपणे : घरातली साखर संपते, मुदत संपते. 'रन इंटू' म्हणजे अचानक भेटणे, पण गाडी खांबाला 'रन इंटू' झाली तर धडकणे, आणि खर्च कोटींत 'रन इंटू' झाला तर कोटींच्या घरात जाणे. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे. भाषण 'रन ओव्हर' झाले तर ठरल्या वेळेपेक्षा लांबणे. 'रन डाउन' म्हणजे बॅटरी उतरणे, प्रकृती खालावणे आणि एखाद्याची निंदा करणेही. 'रन अप' म्हणजे उधारी वाढवून ठेवणे, आणि गोलंदाजाने धावत येणे. 'रन थ्रू' म्हणजे कागदावर नजर फिरवणे, नाटकाची सलग तालीम घेणे, किंवा तलवारीने आरपार भोसकणे. यांतला योग्य अर्थ निवडण्याची एकच खात्रीची रीत आहे. 'रन' कशाचे होते आहे, म्हणजे कर्ता कोण आणि कर्म काय, ते आधी पाहावे, जोडलेला शब्द त्यानंतर. नुसत्या जोडशब्दांची यादी घोकणारा विद्यार्थी साखर आणि तलवार यांत गोंधळतो.

मराठीत हे क्रियापद दोन दारांनी शिरले. एक दार भाषांतराचे. क्रिकेटमधली 'रन' ही मराठीत 'धाव' झाली आणि तिच्या मागोमाग धावसंख्या, धावगती, धावफलक हे शब्द आले. 'रन आउट'साठी 'धावचीत' आले. कुस्तीच्या आखाड्यातला 'चीत' क्रिकेटच्या मैदानात आणणारा हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा अधिक ठसठशीत आहे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या आवाजातून ही परिभाषा रेडिओवरून घरोघरी गेली. चौकार मारणारा फलंदाज एक पाऊलही न पळता चार 'धावा' मिळवतो, हे इंग्रजीतले वैशिष्ट्य मराठीनेही तसेच उचलले. 'रनिंग कॉमेंट्री'चे 'धावते समालोचन' झाले, 'रनवे'ची 'धावपट्टी' झाली. घाईने घेतलेला 'धावता आढावा' याच जातकुळीचा.

दुसरे दार बाजाराचे आणि कामाच्या जागेचे. सुतार किंवा ठेकेदार 'रनिंग फुटा'चा भाव सांगतो, म्हणजे रुंदी न मोजता फक्त लांबीवर ठरलेला दर. जुनी मोटार घेणारा 'रनिंग किती झालंय?' असे विचारतो, तेव्हा त्याला मीटरवरचे किलोमीटर हवे असतात. मुंबईच्या लोकलमध्ये 'रनिंगमध्ये चढू नकोस' असे घरची मंडळी बजावतात. रेल्वेचे चालक आणि गार्ड 'रनिंग रूम'मध्ये विसावा घेतात. हे उपयोग कोणी कोशातून उचलले नाहीत. कामाच्या गरजेने ते रुजले आणि आता मराठीचेच झाले आहेत.

संगणकावर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली आहे. ते 'प्रोग्राम रन होतोय' म्हणतात आणि 'मी प्रोग्राम रन केला' म्हणतात. इंग्रजीने हजार वर्षांत जे दोन अर्थ एका रूपात कोंबले, ते मराठीने 'होणे' आणि 'करणे' लावून पुन्हा सुटे केले. भाषेचे व्याकरण किती खोल मुरलेले असते याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

भाषांतर करणाऱ्याची परीक्षा मात्र उरलेल्या उपयोगांत आहे. इंग्रजी माणूस ताप 'रन' करतो. मराठीत ताप माणसाला येतो. इंग्रजीत विहीर कोरडी 'रन' होते. मराठीत ती आटते. इंग्रजीत धोका 'रन' करतात, मराठीत पत्करतात. 'रन'ला डोळ्यांसमोर ठेवून शब्द शोधू गेले की वाक्य परके होते. ती वस्तू किंवा तो माणूस मराठीत काय करतो, हे विचारले की शब्द सापडतो, आणि पुष्कळ वेळा तो 'चालणे' असतो. इंग्रजीत घड्याळ धावते, मराठीत चालते. दुकान, संस्था, खटला, यंत्र, चित्रपट, संसार, सारेच मराठीत चालतात. मागे धावण्याची कल्पना नाही, पण न थांबता पुढे जाण्याची आहे; 'चालणे'चे मूळ असलेल्या संस्कृत 'चल्' धातूचा अर्थच हलणे, सरकणे असा आहे.

तरीही दोन्ही क्रियापदांची हद्द एक नाही. 'चहा चालेल का?' या प्रश्नातले 'चालेल' इंग्रजीत नेताना 'रन' तिळमात्र उपयोगाचे नाही. तिथे इंग्रजीला 'डू' या दुसऱ्या लहानशा क्रियापदाकडे जावे लागते.