गेट आणि शो

साठवणुकीच्या ताफ्यातला एखादाच सर्व्हर इतरांपेक्षा वेगळा वागू लागला, की मी आधी डिस्क तपासत नाही. त्या यंत्रावरची जुनी कॉन्फिगरेशन फाइल उघडतो.

आमचा साठा सेफ या मुक्त प्रणालीवर चालतो. तिच्यात साधारणपणे दर डिस्कमागे ओएसडी नावाची एक प्रक्रिया असते. पूर्वी सगळी सेटिंग्ज प्रत्येक यंत्रावरच्या फाइलमध्ये असायची. एक आकडा बदलायचा, तर फाइल सगळीकडे पाठवायची. 2018च्या मिमिक आवृत्तीपासून ही सेटिंग्ज मॉनिटरांच्या, म्हणजे सगळ्या ताफ्याचा (क्लस्टरचा) हिशेब ठेवणाऱ्या प्रक्रियांच्या, मध्यवर्ती नोंदवहीत ठेवता येतात. मॉनिटर बहुधा 3 किंवा 5, आणि कुठलाही बदल बहुमतानेच पक्का होतो. 5 पैकी 2 बंद पडले तरी काम अडत नाही.

आता मेमरीचं उदाहरण घ्या. ओएसडीचं मेमरी टार्गेट मुळात 4 जीबी असतं. (ते लक्ष्य आहे, मर्यादा नव्हे, डेटाची पुनर्बांधणी सुरू झाली की प्रक्रिया त्यापुढेही जाते.) एसएसडीवाल्या ओएसडींना 6 जीबी द्यायचे, तर एकच आज्ञा पुरते, तिच्यात डिस्कचा वर्ग सांगितला की हार्ड डिस्कवाल्यांना धक्का लागत नाही. पण 12 एसएसडींच्या यंत्रावर हेच 72 जीबी होतात. हा गुणाकार आज्ञा देण्याआधी करायचा.

आज्ञा दिली. ‘कॉन्फिग गेट’ने विचारलं, तर उत्तर 6442450944 बाइट, म्हणजे 6 जीबी. सगळं ठीक. त्याच ओएसडीला ‘कॉन्फिग शो’ने विचारलं, तर 4294967296! उगमाच्या रकान्यात शब्द होता ‘फाइल’. मंत्रालयातून जीआर निघाला, तरी तलाठ्याच्या दप्तरात जुनाच कागद. ‘गेट’ मॉनिटरांची नोंद सांगतं, ‘शो’ चालू प्रक्रिया काय मानते ते. आणि सेफच्या क्रमात स्थानिक फाइल मध्यवर्ती नोंदीपेक्षा वरचढ ठरते. क्रम मला उलटा वाटतो खरा, पण एखाद्याच यंत्राला अपवाद करायचा असेल तेव्हा तोच कामी येतो.

जुन्या फाइलमधली सेटिंग्ज मॉनिटरांकडे ओढून घेणारी ‘असिमिलेट’ आज्ञा आहे. ती वापरा, फाइलमध्ये क्लस्टरची ओळख आणि मॉनिटरांचे पत्ते एवढंच राहू द्या. आणि बदल केल्यावर ‘शो’ पाहिल्याशिवाय लॉगआउट करू नका.