घोरपड : शेतकऱ्याची अबोल सोबतीण

बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे काटेपूर्णा धरण आहे. या जलाशयाभोवतीचे रान १९८८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. अशा झुडपी रानात व लगतच्या शेतांत घोरपड राहते. शेपटीसह तिची लांबी दीड मीटरपर्यंत भरते.

घोरपड दिवसा भक्ष्य शोधते. दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढून ती वास घेते आणि माती उकरून भुंगेरे, त्यांच्या अळ्या, गोगलगायी व उंदीर खाते. यांपैकी अनेक जीव पिकांचे शत्रू होत. पावसाळ्यात मादी बिळात किंवा वारुळात सुमारे वीस अंडी घालून ती मातीने झाकते. पिले कित्येक महिन्यांनी बाहेर येतात. म्हणून धुऱ्यावरील वारुळे विनाकारण फोडू नयेत.

घोरपडीच्या चाव्याने सर्पदंशाप्रमाणे विष चढत नाही. मात्र कोंडीत सापडल्यास ती चावते व शेपटीचा फटका मारते; तिला डिवचू नये. तिच्या तेलाने सांधेदुखी बरी होते, या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. कोंबड्यांची अंडी ती खाते, हे खरे. यास्तव अंडी वेळच्या वेळी उचलावीत व खुराड्यास बारीक जाळी लावावी.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. तिला मारणाऱ्यास किमान तीन वर्षांचा कारावास होऊ शकतो. घोरपड घरात शिरल्यास वन विभागास कळवावे. ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती गावसभेत समजावून द्यावी.