लहान श्वानांचे दंतआरोग्य व भुलीविषयी दक्षता

पॉमेरेनियन, ल्हासा ॲप्सो यांसारख्या लहान चणीच्या श्वानांच्या इवल्या जबड्यातही मोठ्या श्वानांइतकेच, म्हणजे साधारणतः ४२ कायमचे दात असतात. या दाटीमुळे दातांवर कीटण लवकर साचते, हिरड्या सुजतात आणि दातांभोवतालचे हाड झिजू लागते. रोग बळावल्यास नाजूक जबडा किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो. तथापि, भुलीच्या भीतीने अनेक श्वानपालक उपचार लांबणीवर टाकतात.

भूल न देता केवळ वरवरचे कीटण खरवडता येते. हिरडीखालील रोग मात्र तसाच राहतो. भूल देऊन श्वासनलिकेत नळी बसविल्याने पाणी व घाण फुप्फुसात जाण्यास प्रतिबंध होतो. भुलीतील धोका पूर्णतः टळत नसला, तरी दक्षतेने तो पुष्कळ कमी करता येतो. त्यासाठी रक्त व हृदय यांची पूर्वतपासणी करावी आणि अचूक वजनावरून औषधाची मात्रा ठरवावी. लहान देहाची ऊब झपाट्याने कमी होते. म्हणून उबदार आच्छादन आवश्यक असते. रक्तातील साखर उतरण्याचा संभव असल्याने श्वानास किती वेळ उपाशी ठेवावे, हे पशुवैद्यकासच विचारावे. नाडी, श्वसन, रक्तदाब, प्राणवायू व तापमान यांवर श्वान पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

घरी मऊ ब्रशने रोज दात घासावेत. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. काहींतील झायलिटॉल श्वानांस विषारी ठरते. तोंडास दुर्गंधी येणे वा हिरड्यांतून रक्त येणे, ही लक्षणे दिसताच नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून घेणे हितावह होय.