कोमेजण्याचा रंग

पहाटे ५. दादर पश्चिमेची फूलमंडई, दसऱ्याचा दुसरा दिवस. काल चढ्या भावाने गेलेल्या झेंडूचे आज ढीग पडलेत. मला तोच हवा आहे. ‘‘ताई, शिळा कशाला नेता? ताजा माल आत्ता उतरलाय,’’ असं म्हणत मावशी कालचा मोगरा आणि माना टाकलेले गुलाबही पिशवीत घालतात.

सकाळी ७. घरी उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल, मागे काळं सुती कापड, कॅमेरा स्टँडवर. पंखा बंद. शटर अर्धा सेकंद उघडं राहतं आणि सुकली पाकळी श्वासानेही हलते.

साडेसात. आधी मोगरा, तो थांबत नाही. पाकळीच्या कडेवर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग चढलाय. कृष्णधवल फोटोत हा डाग सावलीत जमा होतो आणि फूल ताजंच वाटतं. मोगऱ्याचं वय फक्त रंगात दिसतं, म्हणून तो रंगीतच.

गुलाबाचंही तेच. पाकळी म्हातारी होते तशी तिच्यातली प्रथिनं मोडतात, अमोनिया सुटतो, रसाची आम्लता घटते आणि लाल रंग जांभळटाकडे झुकतो. ही निळसर झाक मला ताज्या लालीहून देखणी वाटते. राखाडी छटांत ती हाती लागत नाही.

सकाळी ११. झेंडू. इथे सगळं उलटं. त्याचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडांचा. फूल वाळलं तरी तो बराच टिकतो. (कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात तो याच रंगासाठी, बलक पिवळाधमक व्हावा म्हणून.) रंगीत फोटोत वाळका झेंडूही उत्सवी दिसतो. रंग काढून घेतला की चुरगळलेल्या कडा, आत ओढलेल्या पाकळ्या, कडक झालेला देठ समोर येतात. बाजूने तिरपा उजेड घेते आणि इथे बराच वेळ रमते.

दुपारी २. जेवण, आणि आयर्विंग पेनचं १९८०चं ‘फ्लॉवर्स’ चाळणं. कृष्णधवलात एवढा नावाजलेला माणूस, पण ही फुलं त्याने रंगात टिपली. डागाळलेली, गळायला आलेलीसुद्धा. त्याआधी कार्ल ब्लॉसफेल्टने १९२८च्या पुस्तकात वनस्पतींचा निव्वळ आकार कृष्णधवलात दाखवला होता. मला दोघंही पटतात, कारण दोघांचा प्रश्नच वेगळा होता.

दुपारी ४. संगणक. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतो, त्यामुळे ‘नंतर ठरवू’ हा मोह मोठा. पण निर्णय फुलासमोरच व्हायला हवा, कारण उजेडाची दिशा त्यावर ठरते. इथे उरतं ते बारीक काम. लाल पाकळी आणि हिरवं पान एकाच राखाडीत मिसळतात. लाल वाढवला की पाकळी उजळते, उतरवला की जवळजवळ काळी पडते.

संध्याकाळी ७. प्रिंटसाठी फाइल्स पाठवते. प्रदर्शनाच्या आयोजकांनी रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन वेगळ्या भिंती सुचवल्या आहेत. मी नकार कळवते. जांभळट गुलाब आणि राखाडी झेंडू शेजारी शेजारीच लागतील.