मुलांच्या खेळगाड्यांचे ब्रेक : रचना, निगा व शब्दप्रयोग

मुलाने आत बसून चालवावयाच्या खेळगाडीचा ब्रेक हा विषय विद्यापीठीय चर्चेस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु वस्तू बदलते आणि तिच्याविषयीची भाषा मात्र जुन्या वस्तूचीच राहते, तेव्हा त्या दोहोंतील अंतर किती धोक्याचे ठरू शकते, ह्याचे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात ह्या गाड्यांच्या ब्रेकची रचना, त्याची निगा आणि त्यासंबंधी घरोघर योजिले जाणारे शब्दप्रयोग ह्यांचा एकत्र विचार केला आहे.

१. सायकलीने दिलेली भाषा

पुणे हे दीर्घ काळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. ब्रेकविषयीची येथील बोली प्रथम सायकलीच्या आश्रयाने वाढली व पुढे स्वयंचलित दुचाकीने ती जशीच्या तशी स्वीकारली. 'गतिरोधक' हा संस्कृतोद्भव शब्द रस्त्यावरील उंचवट्यास रूढ झाला. वाहनाच्या अवयवास मात्र 'ब्रेक' हाच शब्द राहिला. मराठीने तो पुल्लिंगी मानला आणि त्यास आपली क्रियापदे जोडली : ब्रेक लावणे, ब्रेक दाबणे, ब्रेक मारणे, ब्रेक लागणे.

ह्या प्रयोगांत दोन गृहीते दडलेली आहेत. पहिले, ब्रेक हा वाहनाचा निराळा, दाखविता येण्याजोगा अवयव आहे. दुसरे, चालविणाऱ्याने दाबल्याखेरीज तो लागत नाही. म्हणजे 'लागणे' ह्या क्रियेमागे नेहमीच कोणाचे तरी 'लावणे' असते. सायकलीच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते यथार्थ आहेत. बहुतेक खेळगाड्यांच्या बाबतीत त्यांपैकी एकही यथार्थ नाही.

२. थांबण्याचे तीन प्रकार

पांगुळगाडा हे ह्या कुळातील आपल्याकडील जुने उदाहरण. त्यास ब्रेक नाही. मुलाचे पाऊल थांबले की गाडा थांबतो. तीनचाकी सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसास जोडलेले असते. पायडलने चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मोटारीतही दांड्यांच्या द्वारे पायांचा जोर मागच्या आसास पोचतो. ह्या दोहोंत फ्री-व्हील नसते. चाक फिरते तोपर्यंत पायडल फिरतेच, आणि पाय रोखून धरले की चाकही अडते. येथे मुलाचे पाय हाच ब्रेक होय. उतारावर मात्र पायडले पायांच्या ताकदीबाहेर फिरू लागतात आणि मूल घाबरून पाय वर घेते. त्या क्षणी गाडीस ब्रेक उरत नाही.

आज अधिक प्रचारात असलेली बॅटरीवरील गाडी ह्याहून वेगळी आहे. तीत बहुधा ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी, मागील चाकांशी दंतचक्रांनी जोडलेली एक किंवा दोन विद्युत् मोटरे आणि पायाखाली एकच पायडल असते. हे पायडल म्हणजे वस्तुतः स्विच होय. ते दाबले की मोटरेस बॅटरीचा प्रवाह मिळतो. पाय उचलला की साध्या रचनेच्या गाडीत तोच स्विच मोटरेची दोन्ही टोके एकमेकांस जोडतो. गाडी गतीत असल्यामुळे चाके मोटर फिरवीत राहतात; फिरणारी मोटर आता जनित्राचे कार्य करते, तिच्यातून उलट प्रवाह वाहतो आणि तो तिच्याच फिरण्यास विरोध करतो. अशा रीतीने गाडी मंदावते व थांबते. येथे ब्रेक कोणी 'लावीत' नाही, तो 'लागतो'.

ह्या रचनेची मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. विरोधाचा जोर वेगाच्या प्रमाणात असतो. वेग शून्याकडे गेला की विरोधही शून्याकडे जातो. सपाट जागी हे पुरेसे असते. उतारावर गाडी मंदावली तरी हळूहळू सरकत राहू शकते. पुण्यातील अनेक गृहसंस्थांत वाहनतळाकडे उतरणारा रॅम्प मुलांच्या खेळण्याच्या जागेलगतच असतो. तेथे ही गाडी चालवू देऊ नये. हा निर्बंध गाडी नवी असली तरीही लागू आहे.

३. निगा

रबर वा तार असलेला ब्रेक नसल्यामुळे निगा राखावयाची ती चाकापासून स्विचपर्यंतच्या साखळीची. परीक्षेची रीत सोपी आहे. मूल खाली उतरवावे, गाडीचा मुख्य स्विच बंद करावा आणि पायडलला स्पर्श न करता गाडी सपाट जागी हाताने चार पावले ढकलावी. ती स्पष्टपणे जड चालली पाहिजे. नंतर हाताने पायडल दाबून धरून पुन्हा ढकलावी; आता ती त्या मानाने हलकी चालते. दोहोंत काहीच फरक जाणवत नसेल, तर ब्रेकचे मंडल तुटले आहे असे समजावे. दुरुस्तीपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी.

दोषाची स्थाने सामान्यतः चार. पायडलखालील स्विचचे स्पर्शबिंदू धुळीने व पावसाळ्यातील ओलाव्याने काळवंडतात. असा स्विच घासून वापरण्यापेक्षा बदलणे इष्ट. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विद्युत् व इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने आहेत. जुना स्विच सोबत नेल्यास तशाच क्षमतेचा नवा निवडणे सुलभ होते. दुसरे स्थान मोटरेच्या तारांचे. दोहोंपैकी एकाच मोटरेची तार निसटली, तर थांबताना गाडी एका बाजूस ओढली जाते. तिसरे दंतचक्रांचे. त्यांचे दाते किंवा चाकाच्या तुंब्यातील खाचा झिजल्या, की मोटर अडते पण चाक मोकळे फिरते. चौथे चाकांचे. प्लॅस्टिकचे चाक गुळगुळीत झाले म्हणजे ते फरशीवर घसरते. वंगण द्यावयाचे ते दंतचक्रांस व आसास. चाकाच्या धावेस त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

बॅटरी उतरली म्हणजे ब्रेकही गेला, हा समज साध्या रचनेच्या गाडीस लागू नाही. विरोधाचा प्रवाह बॅटरीतून जातच नाही. रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र थांबण्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पट्टीकडे असते. तीत बिघाड झाल्यास घरी खटपट न करणे श्रेयस्कर. भारतात खेळण्यांसाठी २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला असून आय. एस. ९८७३ व, विद्युत् खेळण्यांपुरते, आय. एस. १५६४४ ही मानके त्यात अंतर्भूत आहेत. परंतु मानकाची मुद्रा विक्रीच्या वेळच्या वस्तूची ग्वाही देते. दोन पावसाळे काढलेल्या स्विचची नव्हे.

४. आज्ञेचा शब्द

आता भाषेकडे वळू. गाडी भिंतीकडे किंवा रॅम्पकडे निघाली की घरातील मोठे माणूस स्वाभाविकपणे ओरडते, "अरे, ब्रेक दाब!" मूल आज्ञाधारक असते. त्याच्या पायाखाली दाबण्याजोगी एकच वस्तू आहे, आणि ती ब्रेक नव्हे. ते पायडल अधिक जोराने दाबते व गाडी पुढेच जाते. येथे यंत्र निर्दोष असते, मूलही निर्दोष असते. दोष क्रियापदात असतो. बॅटरीच्या गाडीस योग्य आज्ञा "पाय उचल" ही होय. पायडलच्या मोटारीस व तीनचाकीस ती नेमकी उलट, "पाय रोख" अशी आहे.

तक्रारीच्या भाषेतही हाच विवेक हवा. "ब्रेक लागत नाही" ह्या वाक्याने दुरुस्ती करणारा नसलेला अवयव शोधू लागतो. "पाय काढल्यावर गाडी पुढे जात राहते", "थांबताना डावीकडे ओढते", "उतारावर सरकते" ही तीन वाक्ये तीन निरनिराळी कारणे सुचवितात. आणि शेवटचे वाक्य तर बिघाड नव्हे, रचनेची मर्यादा सांगते. म्हणून महिन्यातून एकदा गाडी ढकलून पाहावी आणि मूल गाडीत बसण्यापूर्वी "पाय उचल" ह्या दोन शब्दांचा सराव त्याच्याकडून व स्वतःकडूनही करून घ्यावा. ह्यांपैकी दुसरी गोष्ट पहिलीइतकीच निगेचा भाग आहे.