फवारणीचं किट घरातच. धोका माहीत असूनही ते का घातलं जात नाही?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, औषध थेट तोंडावर येत होतं.

मास्क, हातमोजे घाला हे तेव्हापासून सगळ्यांनाच ठाऊक आहे. तरी घातले जात नाहीत. याला बेफिकिरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सप्टेंबरच्या उन्हात रबरी मोजे अन् प्लास्टिकचा कोट चढवून पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन बघा, अर्ध्या तासात जीव गुदमरतो. त्यात मजुरी पंपाच्या हिशोबाने असली की घाम पुसायला थांबणंही परवडत नाही. 'काल काय झालं, जे आज होईल?' असंही वाटतंच.

म्हणून नुसतं रागावून भागत नाही, कामाची रीत बदलावी लागते. मजुरी दिवसावर ठरवा. फवारणी सकाळी लवकर उरकावी, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून नको. दोघांनी आळीपाळीने पंप घ्यावा. किट मालकानेच द्यायचं. मजुराला संरक्षक कपडे मिळावेत असं १९७१ चे कीटकनाशक नियमच सांगतात. आणि मालक स्वतः उघड्या तोंडाने बांधावर औषध कालवत असेल तर मजूर तरी मास्क कशाला लावेल?

डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल औषध. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ सुटली तर पंप तिथेच उतरवा, कपडे बदलून अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या.