कीचकवधाच्या तालमीचा दिवस

सकाळी ७, लालबाग
चहा घेता घेता संहितेवर पेन्सिल चालते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७च्या ‘कीचकवधा’तले काही प्रवेश अभिवाचनासाठी बसवतो आहे. पाऊण तासात मावायला हवेत.

साडेदहा, दादर
मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात प्रस्तावना लिहायला बसतो. १९०५ साली व्हाइसरॉय कर्झनने बंगालची फाळणी केली. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. त्यांनी महाभारतातली विराटनगरी निवडली: सत्तेने माजलेला कीचक, विटंबना सोसणारी सैरंध्री, सबुरी सांगणारा युधिष्ठिर, धुमसणारा भीम. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत हिंदभूमी, दोघा भावांत मवाळ आणि जहाल.

साडेबारा
ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने १९१०च्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये हे रूपक इंग्रज वाचकांना उलगडून सांगितलं. इथल्या प्रेक्षकाला ते कुणी सांगावं लागलं नव्हतं, महाभारत त्याच्या घरातलंच. त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली. हाताशी १८७६चा नाट्यप्रयोग कायदा होताच. मला यात सत्तेची खरी अडचण दिसते: कीचक आपल्यासारखा आहे हे मान्य केल्याशिवाय तिला बंदीचं कारणच देता येत नाही.

दुपारी ३, परळ
ध्वनिव्यवस्थेचं ठरवतो. चार माईक, बाकी काही नको.

साडेचार
प्रभादेवीहून चर्नी रोडची स्लो लोकल. पिशवीत इस्माईल कादारेची ‘द पॅलेस ऑफ ड्रीम्स’ आहे. प्रजेची स्वप्नं गोळा करून तपासणारं ऑटोमन साम्राज्यातलं एक खातं त्याने कल्पिलं. कादंबरी १९८१ साली अल्बानियात आली आणि एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने तिच्यावर बंदी घातली. कथा जुन्या साम्राज्याची असली, तरी झोंबली ती चालू राजवटीला.

सायंकाळी ६, गिरगाव
तालीम खाडिलकर रोडजवळ. खाडिलकरांनी १९२३ साली काढलेल्या ‘नवाकाळ’चा हाच परिसर.

“सर, कीचकाला थोडा साहेबी हेल देऊ?”
“नको. तो विराटाचा मेहुणा आहे, तसाच बोल. अन्यायाचा माज आवाजात आला की पुरे.”

तो पुन्हा वाचतो तेव्हा त्याचा आवाज खाली येतो आणि दरारा वाढतो. सैरंध्रीच्या दाद मागण्यावर जास्त वेळ देतो. नाटकाचा जीव तिथे आहे.

रात्री साडेआठ
मुलं तालमीनंतर थांबतात, तेव्हा कायद्यावर बोलणं निघतं. १८७६चा तो कायदा २०१८मध्ये रद्द झाला. तरी महाराष्ट्रात नव्या नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ही पूर्वतपासणी जायला हवी. नाटकाचा अर्थ प्रेक्षकांसमोर ठरतो, प्रयोगाआधी तो ठरवण्याचा अधिकार कुणालाही नसावा.

म्हणून प्रस्तावना शेवटी वाचायचं ठरवलं. कर्झनचं नाव आधी घेतलं तर श्रोते १९०७ सालातच अडकतील. त्यांनी आधी सैरंध्रीचं गाऱ्हाणं ऐकावं आणि आपल्या काळातला कीचक स्वतः ओळखावा.